नव्या गाडीला तपासणी नसते

आभाळात ढगाचा एक ठिपकाही नव्हता, आणि मी मात्र नखशिखांत भिजले होते.

झालं होतं असं… बॉनेट उघडून, कंबरेत वाकून, मी गाडीच्या पोटात कोरलेला नंबर कागदावर पेन्सिलनं घासून उठवून घेत होते. एवढ्यात झाडांच्या पलीकडून पाण्याचा लोट आला. थेंब नाही, शिंतोडा नाही, लोटच! माझा कागद, माझी पेन्सिल, माझी सकाळीच इस्त्री केलेली ओढणी, सगळं एकाच पाण्यात न्हालं.

“अहो! माणूस आहे इथं!” मी ओरडले.

पाणी थांबलं. कुंड्यांच्या रांगेआडून एक डोकं वर आलं. केसांत वाळकं पान, हातात रबरी नळी.

“माणूस? कुठाय?”

“होता. आता मासा झालाय.”

तो हसला. हसायला नको होतं त्यानं. आधी भिजवायचं आणि वर हसायचं! पण ते हसू असं होतं की… दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागून ऊन डोकवावं तसं. मी रागवायचं ठरवलं होतं, ते जरा लांबणीवर पडलं.

“तुम्ही विम्याच्या मॅडम? पण ते जाड मिशीवाले साहेब येणार होते ना?”

“त्यांची कंबर धरलीय.”

“बिचारे,” तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, “त्यांची कंबर चांगली महिनाभर धरलेली राहो.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं. कान मात्र तापले.

त्याचं दुकान म्हणजे रोपवाटिका. रस्त्याच्या कडेला, हिरव्या जाळीखाली, रोपांच्या रांगाच रांगा. ओल्या मातीचा वास इतका दाट, की श्वास घेताना खाल्ल्यासारखं वाटावं. आणि मी? मी विमा कंपनीत गाड्या तपासते. विमा संपला आणि वेळेवर भरला नाही, की पुन्हा काढण्याआधी गाडी डोळ्यांनी बघावी लागते. नाहीतर लोक आधी गाडी आपटतील आणि मग धावत विमा काढायला येतील! म्हणून मी जाते, फोटो काढते, कुठं काय आधीच मोडलंय ते टिपून ठेवते.

इथली गाडी एकोणीस वर्षांची होती. रंग कधीकाळी निळा असावा. मागच्या सीटवर मातीचा थर, आणि दाराच्या खाचेत चक्क एक गवताचं पातं उगवलेलं.

“हिचं नाव मावशी,” तो म्हणाला. “आई गेली तेव्हापासून घरातलं बाईमाणूस हीच.”

बोलला सहज. पण मी वहीतून मान वर केली. तो दुसरीकडे बघत होता.

“हा पोचा कशाचा?” मी विषय पुढं ढकलला.

“गेटचा. गेट मध्ये आलं.”

“गेट चालत आलं?”

“आबा गाडी चालवत होते. त्यांच्या मते चालतच आलं.”

“ए, माझी बदनामी बंद कर!” आतल्या पत्र्याच्या खोलीतून आवाज आला. आबा म्हणजे त्याचे वडील. खुर्चीत बसून, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून ते बियांची पाकिटं भरत होते. “गेट आलं म्हणजे आलं! बाई, तुम्ही लिहून घ्या तसं.”

“लिहिते आबा. पण आधीच्या पोच्यांची भरपाई मिळत नाही. आजच्यानंतर काही झालं तरच.”

“म्हणजे जुन्या दुःखांना काही नाही?” त्यानं विचारलं.

“नाही. पुढची तेवढी जपतो.”

“तेही पुष्कळ झालं,” तो म्हणाला. नळीतून शेवटचं पाणी टपटप गळत होतं, आणि आम्ही दोघंही उगाचच त्याच्याकडे बघत राहिलो.

पत्र्याच्या खोलीत चहा झाला. माझी ओढणी खिडकीच्या गजावर वाळत होती, आणि खांद्यावर त्यानं दिलेला पंचा. मातीचे डाग असलेला, पण स्वच्छ धुतलेला.

“मला एक कोडं सोडवून द्या,” तो म्हणाला. “समोरच्या डॉक्टरीणबाईंनी नवी कोरी गाडी घेतली. तिच्या विम्याचा हप्ता ऐकला आणि मला घेरी आली. ना धक्का, ना ओरखडा, गाडी कशी नव्या नवरीसारखी. आणि आमची मावशी, रस्त्यात तीनदा खोकते, तिला हप्ता एवढासा! उलटं हवं ना? जी पडायला आलीय तिचा जास्त, जी धडधाकट तिचा कमी?”

“माणसाच्या विम्यात तसंच असतं. गाडीचं वेगळं.” मी कप खाली ठेवला. “उद्या डॉक्टरीणबाईंची गाडी चोरीला गेली, तर कंपनीला काय द्यावं लागेल?”

“गाडीची किंमत.”

“आणि मावशी चोरीला गेली तर?”

“चोर परत आणून देईल.”

आबा खुर्चीत इतके हसले की बिया सांडल्या.

“तेच तर!” मीही हसू दाबत म्हणाले. “गाडीची बाजारातली किंमत दरवर्षी उतरत जाते. जेवढी किंमत कमी, तेवढं कंपनीचं देणं कमी, तेवढा हप्ता कमी. शिवाय नव्या गाडीचे सुटे भाग महाग. समोरच्या काचेत कॅमेरा, बंपरमध्ये आणखी काय काय. एक टिचकी लागली तरी मोठं बिल.”

“मग मावशीचा फुकटात करा की!”

“आणि मावशीनं दुसऱ्याला धडक दिली तर? ज्याला लागतं तो विचारतो का, गाडी जुनी होती की नवी? त्याचं हाड तेवढंच मोडतं. हप्त्याच्या त्या भागात गाडीच्या वयाला सूट नाही. तो जुन्यालाही द्यावा लागतो आणि नव्यालाही.”

त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाला, “बरोबर आहे. दुसऱ्याला लागलं तर आपण जुने झालो हे कारण चालत नाही.”

मी इतक्या गाड्या बघितल्या, इतक्या मालकांना हेच समजावलं. असं कुणी ऐकलं नव्हतं.

“अजून एक आहे,” मी म्हणाले. “जुन्या गाडीचा हप्ता कमी, तसा आधारही कमी. नव्या गाडीचा भाग बदलला, तर वरचे थोडे जास्त भरून पूर्ण पैसे मिळायची सोय असते. मावशीच्या वयाला ती सोय कुणी देत नाही. अर्धं तुमच्याच खिशातून जाणार.”

आबांनी गुडघ्यावरची पिशवी सरळ केली आणि जात्यावर बसल्यासारखं डोलत म्हणाले,

“जुन्याला दाम थोडा, नव्याला गं फार
मनाच्या मोलाला कुणी घालावा आकार?”

“आबा, पुरे,” तो म्हणाला. पण त्याचेही कान तापलेले मी बघितले. म्हणजे कानांचा हा आजार मला एकटीला नव्हता तर.

मावशीचा विमा झाला. काम संपलं. संपायला हवं होतं.

पण आठवडाभरात तो आमच्या ऑफिसच्या काउंटरवर हजर. हातात एक कुंडी, तोंडावर भोळा भाव.

“मॅडम, एक शंका होती. गाडीवर झाड पडलं तर विमा मिळतो?”

“मिळतो.”

“बरं.” आणि गेला. कुंडी विसरून.

पुढच्या आठवड्यात दुसरी कुंडी आणि दुसरी शंका. “उंदरानं वायर कुरतडली तर?”

“ते तुमच्या पॉलिसीत नाही.”

“उंदराला सांगतो.”

त्यानंतर, “आणि गाडीला कुणी काहीच केलं नाही, नुसतं बघून हसलं तर?”

“त्याला हसून उत्तर द्यावं. कंपनी मध्ये पडत नाही.”

आमच्या ऑफिसात कुणी कुठली गाडी तपासायची हे ठरवणारे एक दादा आहेत. चष्मा कपाळावर, पेन कानावर. माझ्या टेबलावरच्या कुंड्यांची रांग बघून ते म्हणाले, “आता गिऱ्हाईक कुठं बसवायचं? फांदीवर?”

घरी आईचंही लक्ष होतंच. आई कपडे शिवते. मशीनवरून नजर न उचलता तिला सगळं दिसतं. “काय गं, तुझ्या बुटांना रोज लाल माती कुठून लागते? ऑफिसात शेती करता की काय?”

“गाड्या तपासायला जावं लागतं, आई.”

“रोज एकच गाडी?”

मी पाणी प्यायला आत पळाले. मागून मशीनची टकटक थांबली आणि आईचा हसण्याचा आवाज आला. माझ्यासाठी स्थळं आणणारी शेजारची काकू अलीकडे म्हणायची, मुलीचं वय वाढतं तसं वजन कमी होतं. त्यावर आईनं तिला ब्लाऊजचं माप घेता घेता ऐकवलं होतं, “माझी लेक काय गाडी आहे, वर्षागणिक भाव उतरायला?” असं ऐकवणारी आई, आणि तिची लेक मात्र एका रोपवाल्याच्या पुढच्या शंकेची वाट बघत बसलेली!

शंका आली. पण या वेळी कुंडी नव्हती, आणि चेहऱ्यावर तो भोळा भावही नव्हता.

“आबांना गाडीत बसता येत नाही,” तो म्हणाला. “सीट खाली आहे. दाराला धरून स्वतःला सोडून देतात ते. पडल्यासारखे. आज डॉक्टरांकडे नेताना डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, धूळ गेली.” तो काउंटरवर बोटानं रेघ ओढत राहिला. “रोपांच्या हंगामात चार पैसे बाजूला पडलेत. नवी घेऊ? की मावशीची सीट उंच करून घेऊ? तुम्ही सांगाल ते करतो. तुमच्याइतक्या गाड्या मी बघितलेल्या नाहीत.”

आता बघा माझी गत.

नव्या गाडीचा विमा शोरूममध्येच होतो. चावीबरोबर पॉलिसी हातात. कुणी वाकून नंबर घासायला जात नाही, कुणी पोचे मोजत नाही. नव्या गाडीला तपासणी नसते. पुढं शंका असल्या तरी त्या शोरूमच्या काउंटरवर. आणि मावशी राहिली, तर दरवर्षी काही ना काही निघणार, फोन येणार, मी जाणार. सीट उंच करा, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पार चुकीचेही नव्हते. मेकॅनिक करून देतात तसं.

पण मी मावशीचे ब्रेक बघितले होते. त्या गाडीत एअरबॅग नव्हती, मागच्या सीटला पट्टा नव्हता. आणि आबा त्या गाडीत बसणार होते.

“नवी घ्या,” मी म्हणाले. “सीट उंच बघा, दार रुंद बघा. एअरबॅग बघा. हप्ता जास्त बसेल, पण काही झालं तर आधार पूर्ण मिळेल. मावशीला आता निरोप द्या.”

त्याचा चेहरा खुलला. “खरंच? बरं झालं विचारलं. मग नवीच्या तपासणीला तुम्हीच या हं!”

मी फाइल उघडली. तिच्यात काही नव्हतं. “बघू,” म्हणाले.

तो गेला. दादांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. एक कुंडी उचलली आणि माझ्यासाठी उन्हात सरकवून ठेवली.

मग दिवस गेले… शांत, सरळ, कोरडे. काउंटरवर माणसं येत होती, पण शंका कुणालाच नव्हती. बूट स्वच्छ राहिले. आईनं ते बघितलं. त्या रात्री भाताबरोबर माझ्या आवडीची आमटी होती. आयांना असंच विचारता येतं.

मी कुंड्यांना पाणी घालायचे आणि स्वतःला समजवायचे, बाई, तू खरं तेच सांगितलंस. खरं सांगून जे जातं ते जाऊ द्यावं. मन म्हणायचं, हो गं, हो. आणि परत दाराकडे बघायचं.

एका सकाळी दादांनी फोन ठेवला आणि छताकडे बघत म्हणाले, “तपासणी आहे. गिऱ्हाईक म्हणतंय, मिशीवाले नकोत. त्यांची कंबर बरी झालीय असं सांगितलं, तर म्हणतात, अरेरे!”

मी पिशवी उचलली तेव्हा कॅमेरा आत ठेवायला विसरले. परत येऊन घेऊन गेले.

हिरव्या जाळीखाली, मावशीच्या जागी, एक पांढरी गाडी उभी होती. उंच सीट, रुंद दार. आबा पुढच्या सीटवर राजासारखे बसलेले, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून. तो बाजूला उभा. दाढी केलेली, आणि गालावर ब्लेडनं कापल्याची एक बारीक खूण.

“मावशी?” मी विचारलं.

“मेकॅनिकनं नेली. त्याच्याकडे पोरं काम शिकायला येतात, त्यांना इंजिन उघडून दाखवायला. म्हातारपणी शिक्षिका झाली.”

“आणि ही? ही तर नवी नाही.” टायरवरूनच कळत होतं. “चार वर्षांची असेल. मी नवी घ्या म्हटलं होतं.”

“नवीच घ्यायला गेलो होतो,” तो म्हणाला. “पैसे घेऊन. आबांना घेऊन. सगळं ठरलं. सही करायच्या आधी मी सहज विचारलं, तपासायला मॅडम कधी येतील? तर शोरूमचा माणूस म्हणाला, कोण मॅडम? नव्या गाडीला तपासणी नसते.” तो थांबला. “तुम्हाला माहीत होतं ते.”

मी पिशवीचा बंद उगाचच घट्ट केला.

“माहीत असून नवी घ्या म्हणालात.”

“आबांचे गुडघे…”

“आबांचे गुडघे आहेतच. आबा आणि मी तिथून उठलो. जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेलो. त्याला म्हटलं, सीट उंच हवी, ब्रेक चांगले हवेत, एअरबॅग हवी, आणि विमा संपलेला हवा.”

“काय?”

“तोही असंच म्हणाला,” आबा गाडीतून बोलले. “म्हणाला, लोक विमा चालू असलेली मागतात, तुम्ही संपलेली मागता? मी म्हटलं, बाबा रे, माझ्या पोराचं डोकं ठिकाणावर नाही, पण तू गाडी दाखव. चार दुकानं फिरलो. सगळ्यांचे विमे चालू! लोक किती शिस्तीचे झालेत!”

“चालवत नाही आणली हं,” तो घाईघाईनं म्हणाला. “विम्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही, तुम्हीच सांगितलंय. ट्रकवर चढवून आणली.”

मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते. दोन्ही एकदम आलं की माणसानं काय करावं? मी कामाचं बोलले. “मधल्या वयाची घेतलीत ते एक बरं झालं. गाडीचा भाव पहिल्या दोन-तीन वर्षांतच भराभर उतरतो. म्हणजे हप्ता नव्यापेक्षा हलका. आणि सुटे भाग बदलायची पूर्ण सोय या वयाला अजून मिळते. वेडेपणानं का होईना, शहाण्यासारखी घेतलीत.”

“बघा! मग काढा फोटो.”

मी कॅमेरा काढला. गाडीसमोर उभी राहिले. चौकटीत पांढरी गाडी, गाडीत आबा, आणि गाडीशेजारी तो, निकालाच्या दिवशी उभं राहावं तसा, श्वास रोखून. आमच्याकडे दार, काच, पत्रा बघताना डोळा कोरा ठेवावा लागतो. ओरखडा असेल तर ओरखडा लिहायचा. मी बघत होते आणि मला एकही ओरखडा दिसत नव्हता. मागच्या दारावर चांगला वीतभर होता, तो आबांनी बोट दाखवल्यावर दिसला.

बोट बटणावरून खाली आलं. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि फोन लावला.

“दादा, ही गाडी मला नाही तपासता येणार. मिशीवाल्यांना पाठवा.”

त्याचा चेहरा उतरला. गालावरची ती बारीक खूणसुद्धा पांढरी पडली.

“का?” दादांचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू येत होता. “काय खोट निघाली?”

“गाडीत खोट नाही. नियम आहे ना आपला, आपल्या माणसाची गाडी आपण तपासायची नाही. भावाबहिणीची नाही, मामा-काकाची नाही. डोळा तिरपा होतो.” मी एक श्वास घेतला. “माझा झालाय.”

पलीकडे पेन पडल्याचा आवाज आला. अलीकडे तर पानही हललं नाही.

“असं होय,” दादा म्हणाले. आवाजात हसू मावत नव्हतं. “पण मला कारण लिहावं लागेल. कोण लागतो तो तुमचा?”

“थांबा, विचारून सांगते.”

मी फोन छातीशी धरला आणि त्याच्याकडे बघितलं. इतके दिवस चुकवून चुकवून बघितलं होतं, आज सरळ बघितलं.

“ते विचारताहेत… कोण लागता तुम्ही माझे?”

तो बोलायला गेला आणि अडखळला. माती लागलेले हात आधी शर्टला पुसले, मग शर्ट खराब झाला म्हणून शर्टकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“भाऊ सोडून… काहीही सांगा,” तो म्हणाला.

मी फोन पुन्हा कानाला लावला.

“दादा, नात्याला अजून नाव ठेवलेलं नाही. पण माणूस माझा आहे, एवढं लिहा.”

दादांनी लिहिलं की नाही कोण जाणे, कारण पुढचं मला काहीच ऐकू आलं नाही. आबांनी गाडीत बसल्या बसल्या हॉर्नवर हात ठेवला होता, आणि तो काही केल्या उचलायला तयार नव्हते.